घरगुती यंत्रविचार : पुण्याचा आवाज आंजर्ल्यास कसा आणावा

आंजर्ल्याहून एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांतील हकीकत थोडक्यांत अशी : घर जुनें, जांभ्याच्या भिंतींचें, कौलारू, माणसें लहानमोठीं मिळून नऊ. धाकटे चिरंजीव व सूनबाई पुण्याच्या कचेरींतील आपापली नोकरी घरीं बसून करतात. सूनबाई माजघरांत लॅपटॉप उघडतात आणि 'रिमोट डेस्कटॉप'च्या द्वारें पुण्याच्या कचेरींतील संगणकांत प्रवेश करतात. हिशेब, पत्रव्यवहार, तक्ते हीं सर्व कामें सुरळीत होतात. परंतु कचेरीनें शिक्षणासाठीं ठेवलेली चित्रफीत लावली कीं एक तर आवाजच येत नाहीं, किंवा आला तर तुटक येतो आणि चित्र त्याच्या मागून फरफटत चालतें. सभेंत बोलावें तर पलीकडच्यांस तें विहिरींतून आल्यासारखें ऐकूं येतें. "वरिष्ठांनीं दोनतीनदां सांभाळून घेतलें, आतां पुण्यास येऊन राहा अशी भाषा सुरू झाली आहे. नातू येथील शाळेंत रुळला आहे. एवढ्याशा आवाजापायीं घर पुन्हां दोन ठिकाणीं व्हावें काय?"

हा प्रश्न एकाच घरचा नाहीं. २०२० च्या मार्चांत करोनाच्या साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां मुंबई-पुण्याचीं कित्येक बिऱ्हाडें कोंकणांतील मूळ घरीं परतलीं, आणि ज्यांचीं कुलुपें केवळ गणपतींत निघत असत तीं घरें पुन्हां नांदूं लागलीं. साथ ओसरल्यावर कांहीं कचेऱ्यांनीं आपलीं माणसें परत बोलाविलीं, कांहींनीं घरून काम करण्याची मुभा ठेवली. ही मुभा टिकणें न टिकणें पुष्कळ अंशीं काम बिनतक्रार होतें कीं नाहीं यावर अवलंबून असतें. पत्राला चार घटका उशीर झाला तर कोणी विचारीत नाहीं. पण सभेंत दोनदां "ऐकूं येत नाहीं" असें म्हणावें लागलें कीं हजर असलेला मनुष्य गैरहजर ठरतो. म्हणून या महिन्याचें सर्व पान याच विषयास दिलें आहे.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरावी. सूनबाई माजघरांत बसून जें काम करतात तें माजघरांत होतच नाहीं. कळ येथें दाबली जाते खरी; परंतु त्या कळीचा अर्थ लावून अक्षर उमटविणारा संगणक पुण्यास आहे. तेथें जो पडदा सिद्ध होतो त्याचें चित्र तेवढें येथें येतें. लॅपटॉप हा या व्यवहारांत दुर्बिणीच्या जागीं आहे. तो पाहण्याचें साधन, पाहावयाची वस्तु नव्हे. हें उमगलें म्हणजे पहिला प्रश्न आपोआप सुचतो : चित्रफीत लावली ती कोणत्या यंत्रावर? पुण्याच्या. मग तिचा आवाज स्वभावतः कोठें निघणार? पुण्यास. तो आंजर्ल्यास यावा ही सहज घडणारी गोष्ट नसून मुद्दाम केलेली सोय आहे, आणि ती सोय वाटेंत कोठें तरी खुंटली आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ही पद्धति १९९८ सालीं आपल्या विंडोज सर्व्हरांत आणली, त्या वेळीं तींत आवाज मुळींच नव्हता. दूरच्या यंत्राचा आवाज जवळ ऐकण्याची सोय २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर आली. जवळच्या मायक्रोफोनांत बोललेलें दूरच्या यंत्रास ऐकविण्याची सोय तर त्याहून आठ वर्षांनीं, २००९ च्या विंडोज सेव्हनबरोबर. आवाज हा या घरांत मागाहून आलेला पाहुणा आहे. त्याची वर्दी कोणी आंत दिली नाहीं तर तो ओटीवरच बसून राहतो.

चित्राची अडचण निराळी आहे. आपण हिशेबाच्या तक्त्यांत एक आंकडा बदलतों तेव्हां पडद्याचा नखाएवढा भाग बदलतो, आणि हुशार यंत्र तेवढाच भाग पाठवितें. चित्रफीत चालूं लागली कीं सगळा पडदा एका सेकंदांत पंचवीस-तीस वेळां बदलतो. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून अधिक. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट्स धरले आणि सेकंदास तीस चित्रें धरलीं, तर कांहींहि न दाबतां पाठविण्याचें ओझें सेकंदास सुमारें दीडशें कोटी बिट्स होतें. एवढें साधारण घरच्या तारेवरून जावयाचें नाहीं; म्हणून तें दाबून, घड्या घालून पाठवितात. चित्रफीत मुळांतच घड्या घातलेली असते. पुण्याचा संगणक ती उलगडतो, पडद्यावर मांडतो, त्या पडद्याच्या पुन्हां घड्या घालतो, आणि मग आंजर्ल्याचा लॅपटॉप त्या दुसऱ्यांदा उलगडतो. धुवून, वाळवून, घडी केलेलें धोतर केवळ शेजारच्या घरीं नेण्यासाठीं पुन्हां भिजवून पिळावें, त्यांतला हा प्रकार आहे. आवाजाचें ओझें यापुढें किरकोळ : उत्तम प्रतीचें संगीत न दाबतांहि सेकंदास चौदा लाख बिट्सांच्या आसपास बसतें. मग तोच आधीं कां तुटतो? कारण डोळा भोळा आहे आणि कान खट्याळ आहे. चित्र क्षणभर थबकलें तर डोळा तें पोटांत घालतो. आवाजांत सेकंदाच्या विसाव्या हिश्शाची फट पडली तरी कानास ती खड्यासारखी लागते.

आंजर्ल्याच्या वडीलधाऱ्या मंडळींस हें समजण्यास त्यांच्या खाडीचा दाखला पुरे आहे. पूल होण्यापूर्वीं हर्णैकडून येणाऱ्यास जोग नदीच्या खाडीवर तरीसाठीं खोळंबावें लागे. तांदुळाचें पोतें पहिल्या खेपेस आलें काय आणि तिसऱ्या खेपेस आलें काय, भात तोच शिजतो. परंतु गवई पहिल्या खेपेस, तंबोरा दुसऱ्या खेपेस आणि तबलजी तिसऱ्या खेपेस उतरला, तर बैठक कशी रंगावी? हिशेबाचा तक्ता हें तांदुळाचें पोतें होय आणि सभेंतील बोलणें ही गाण्याची बैठक होय. याच किनाऱ्यावर २०२२ च्या जानेवारींत 'सावनी' नांवाच्या एका ऑलिव्ह रिडले कांसवीच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारें छोटें यंत्र बसवून तिला समुद्रांत सोडण्यांत आलें होतें. ती श्वासासाठीं वर आली कीं तिच्या ठिकाणाचे दोनचार आंकडे उपग्रहाकडे जात, आणि भर समुद्रांतील तिचा प्रवास अभ्यासकांस नकाशावर पाहतां येई. थोडकें सांगावयाचें असेल आणि घाई नसेल तर भर समुद्रांतूनहि निरोप पोंचतो. माजघरांतील सभा पोंचत नाहीं, यांत त्या माजघराचा अपमान नाहीं.

आतां शोध कसा घ्यावा तें सांगतों. रिमोट डेस्कटॉप बंद करावा आणि लॅपटॉपच्याच पोटांतील एखादें गाणें त्यावर लावावें. तेंहि ऐकूं न आलें तर दोष जवळचा आहे : कानांतील यंत्र, त्याची तार, किंवा पडद्याच्या कोपऱ्यांतील आवाजाचें चिन्ह. असे किती तरी गृहस्थ पुण्याच्या तंत्रज्ञांस दूरध्वनि करून बसतात आणि शेवटीं नातवानें आवाज बंद करून ठेवला होता असें निघतें! जवळचा आवाज नीट असेल तर मग पुण्याकडे वळावें.

जोडणी करण्यापूर्वीं जी लहानशी खिडकी उघडते तिच्यांत 'शो ऑप्शन्स' दाबलें कीं वर कांहीं पानें दिसतात. त्यांतील 'लोकल रिसोर्सेस' या पानावर 'रिमोट ऑडिओ' आणि त्याखालीं 'सेटिंग्ज' असें आहे. तेथें तीन पर्याय दिसतील : 'प्ले ऑन धिस कम्प्युटर', 'डू नॉट प्ले' आणि 'प्ले ऑन रिमोट कम्प्युटर'. यांतील 'धिस', म्हणजे 'हा', या शब्दानें पुष्कळांचा घोटाळा होतो. 'हा' म्हणजे मांडीवरचा, आंजर्ल्याचा. आपण ज्यांत शिरणार आहों तो पुण्याचा नव्हे. आपणांस पहिला पर्याय हवा. तिसरा निवडला गेला तर आवाज निघतो, पण पुण्यास. आणि कचेरीच्या रिकाम्या दालनांत कोणी नसतां यंत्र एकाएकीं व्याख्यान देऊं लागतें. त्याच ठिकाणीं खालीं ध्वनि नोंदण्याविषयीं दुसरा प्रश्न आहे. तेथें 'रेकॉर्ड फ्रॉम धिस कम्प्युटर' निवडल्यावांचून आपला मायक्रोफोन पुण्याच्या यंत्रास दिसतच नाहीं. पुष्कळजण वरचें नीट करतात आणि खालचें विसरतात; मग सभेंत ऐकूं सगळें येतें, बोलतां कांहीं येत नाहीं, आणि सून मुकी आहे कीं काय अशी पलीकडे शंका येते. ही निवड जोडणीच्या आधीं करावयाची असते; जोडणी चालू असतां करूं म्हटल्यास होत नाहीं. कचेरीनें तयार जोडणीची फाइल दिली असेल तर तिच्यावर उजवी कळ दाबून 'एडिट' म्हणावें, बदल करावा आणि तो जतन करावा, नाहीं तर दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां मूळपदावर येते. मॅक वापरणारांस हाच प्रश्न 'डिव्हायसेस अँड ऑडिओ' या सदराखालीं विचारलेला आढळेल. जुन्या व्हीएनसी पद्धतीचीं जीं साधनें आहेत त्यांच्या मूळ रचनेंत आवाज वाहण्याची सोयच नाहीं. तेथें शोधूनहि कांहीं सांपडावयाचें नाहीं.

आंत शिरल्यावर पुण्याच्या पडद्यावरील आवाजाच्या चिन्हावर जावें. तेथें 'रिमोट ऑडिओ' असें नांव दिसलें तर वाट मोकळी आहे. त्याऐवजीं आवाजाचें साधनच नाहीं असें तें सांगूं लागलें, तर दोष पुण्यास आहे आणि तो आंजर्ल्याहून निघणार नाहीं. येथें एक मधला प्रकार मात्र ध्यानांत ठेवावा. दुपारीं वीज गेली, जोडणी तुटली, पुन्हां जोडली, आणि सकाळीं बोलणारी चित्रफीत आतां मुकी झाली, असें घडतें. जो प्रोग्राम आधींपासून उघडा होता तो जुन्या साधनास चिकटून बसलेला असतो. तो बंद करून पुन्हां उघडावा. तरी न भागल्यास नुसती खिडकी न मिटतां पुण्याच्या यंत्रांतून रीतसर 'साइन आउट' करून नव्यानें शिरावें. एवढ्यानें निम्म्या तक्रारी मिटतात.

दोष पुण्यास आहे असें ठरल्यास कचेरींतील तंत्रज्ञांस जें पत्र लिहावयाचें तें मोघम लिहूं नये. "आवाज येत नाहीं" एवढें लिहिलें तर "येथें तर येतो" असें उत्तर येतें, आणि तेंहि खोटें नसतें. त्यांस तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्या. 'विंडोज ऑडिओ' ही सेवा त्या यंत्रावर चालू आहे काय? सर्व्हरवर ती पुष्कळदां बंद ठेवलेली असते, कारण एरवीं त्याच्याशीं बोलावयास कोण जातें? दुसरें, कचेरीच्या धोरणांत 'अलाऊ ऑडिओ अँड व्हिडिओ प्लेबॅक रिडायरेक्शन' आणि त्याच्या जोडीचें 'अलाऊ ऑडिओ रेकॉर्डिंग रिडायरेक्शन' यांस परवानगी आहे काय? कित्येक ठिकाणीं हीं दारें गुप्ततेसाठीं जाणूनबुजून लावलेलीं असतात. तसें असल्यास तो दोष नव्हे, नियम आहे, आणि त्यावर चडफडण्यापेक्षां लेखी परवानगी मागणें बरें. तिसरें, त्यांच्या खासगी मार्गावर, ज्यास व्हीपीएन म्हणतात त्यावर, यूडीपी वाहतूक खुली आहे काय?

या तिसऱ्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकांच्या टपालाच्या दोन तऱ्हा आहेत. टीसीपी ही पूर्वींच्या रजिस्टर टपालासारखी : प्रत्येक पाकिटाची पोंच घ्यावयाची, एक हरवलें तर तें पुन्हां मागवावयाचें, आणि तें येईपर्यंत मागचीं सगळीं दारांत उभीं. यूडीपी तशी नाहीं. गेलें तें गेलें म्हणून ती पुढें चालते. हिशेबास पहिली हवी. बोलण्यास दुसरी बरी, कारण चुकलेला शब्द दोन सेकंदांनीं आणून द्यावा तर तो कोणास हवा आहे? रिमोट डेस्कटॉपास ही दुसरी वाट २०१२ पासून मिळाली आहे. परंतु वाटेंत कोणी ती अडविली तर तो निमूटपणें पहिलीवर येतो आणि कोणास सांगत नाहीं. पूर्ण पडदाभर जोडणी असतां वरच्या पट्टींत उतरत्या उभ्या रेघांचें एक चिन्ह असतें. त्यावर टिचकी मारावी. जोडणी कशी आहे आणि यूडीपी चालू आहे कीं नाहीं, हें तेथें लिहिलेलें दिसतें. तो मजकूर जसाच्या तसा पत्रांत उतरून पाठवावा. तंत्रज्ञांचा सूर त्यानें बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

तुटक आवाजाचें कारण मात्र बहुतेकदां पुण्यास नसतें आणि वाटेंतहि नसतें. तें आपल्याच भिंतींत असतें. अंतरास उगाच दोष देऊं नये. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबानें आंजर्लें-पुणें हें अंतर सेकंदाच्या कांहीं हजाराव्या हिश्शांतच संपतें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील यंत्राशीं व्यवहार असेल तर गोष्ट निराळी : बारा-तेरा हजार किलोमीटर जाणें आणि तितकेंच येणें यांत सेकंदाचा आठवा हिस्सा निसर्गनियमानेंच जातो, आणि प्रत्यक्षांत त्याहून बराच अधिक. पुण्याच्या बाबतींत ती सबब चालावयाची नाहीं.

कोंकणांतील घर जांभ्याचें. दीड-दोन फूट रुंदीची भिंत उन्हाळ्यांत गारवा देते आणि वायफायच्या लहरी गिळते. राउटर ओटीवर, सूनबाई माजघरांत, मध्यें दोन भिंती, एक तांब्यापितळेच्या भांड्यांची मांडणी. मग आवाज तुटेल नाहीं तर काय होईल? राउटर दोन तऱ्हेच्या लहरी देतो. ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीपुढें हतबल, २.४ गिगाहर्ट्झची संथ पण भिंतीपलीकडे थोडीबहुत पोंचणारी. दोहोंपेक्षां उत्तम उपाय म्हणजे राउटरपासून मेजापर्यंत साधी तार ओढावी. ती तुळईच्या कडेनें नेली तर दिसतहि नाहीं आणि सासूबाईंच्या केरसुणीस अडतहि नाहीं. तार घेण्यापूर्वीं खात्री करून घ्यावयाची असेल तर लॅपटॉपवर 'पिंग' ही आज्ञा राउटरच्याच पत्त्यावर चालवावी. पत्ता बहुधा त्याच्या पाठीवरील चिठ्ठीवर असतो. उत्तरें दोनपांच मिलिसेकंदांत, एकसारखीं आलीं तर भिंत निर्दोष. मध्येंच शंभर, दोनशें असे आंकडे उसळूं लागले तर पुण्यास पत्र लिहिण्याचें कारण नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक कारण संभवतें आणि तें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें. आपण आंकडे पाहतों ते उतरणीचे. चढणीचा आंकडा पुष्कळ घरीं त्याहून बराच लहान असतो, आणि आपला आवाज जातो तो चढणीनें. बरोबर सभेच्या वेळीं कोणाच्या तरी मोबाइलांतून मुंजीचीं चारशें छायाचित्रें आपोआप वर चढूं लागतात. कोणी मुद्दाम करीत नाहीं. मोबाइल घरच्या वायफायला लागला कीं तो स्वतःहून करतो. आमच्या मतें हें चढविण्याचें काम घरांतील सर्वच मोबाइलांत रात्रीं निजण्याच्या सुमारास ठेवावें. आजोबांचें कीर्तन व मुलांची चित्रफीत बंद पाडण्याची कांहीं गरज नाहीं. ती उतरणीची वाहतूक आहे. सूनबाईंच्या सभेसाठीं सगळें घर श्वास धरून बसतें असें आम्हीं पाहिलें आहे. तें कौतुकास्पद असलें तरी अनावश्यक आहे.

विहिरींतल्यासारख्या आवाजाचें कारण बहुधा बिनतारी कर्णयंत्रांत असतें. साधारण ब्लूटूथ यंत्र नुसतें ऐकतांना उत्तम प्रतीचा आवाज देतें, पण त्याचाच मायक्रोफोन उघडला कीं तें जुन्या टेलिफोनच्या प्रतीवर उतरतें. तो अगोदरच आकसलेला आवाज मग आंजर्ल्याहून पुण्याच्या यंत्रांत, तेथून सभेंत, अशा दोन ठिकाणीं पिळला जातो. कांहीं शेंकड्यांत तारेचें कर्णयंत्र मिळतें, तें घ्यावें. त्याहूनहि बरें म्हणजे सभेचा प्रोग्राम पुण्याच्या यंत्रावर न चालवितां लॅपटॉपवरच चालवावा आणि रिमोट डेस्कटॉप केवळ कागदपत्रांसाठीं ठेवावा. कचेरीची परवानगी मिळत असेल तर हा एकच उपाय बाकी सर्व उपायांहून मोलाचा आहे, कारण त्यानें मधला फेरा मुळांतच वांचतो. मात्र त्याच सभेंत पुण्याच्या यंत्रावरूनहि हजर असाल तर तिकडचा आवाज बंद ठेवावा. नाहीं तर एकाच खोलींतील दोन यंत्रें एकमेकांचें ऐकून किंचाळूं लागतात.

चित्रफितीसहि तोच न्याय. ती लॅपटॉपच्या ब्राउझरांतून थेट पाहतां येत असल्यास तशीच पाहावी. मोठ्या संस्था ज्या अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप नांवाच्या व्यवस्थेवर काम करतात तींत 'मल्टिमीडिया रिडायरेक्शन' अशी योजना आहे. तींत पुण्याचें यंत्र चित्रफितीचा पत्ता तेवढा कळवितें आणि जवळचें यंत्र ती स्वतः आणून दाखवितें. ही योजना कचेरींत आहे काय, हेंहि विचारण्याजोगें आहे. तीहि नसेल तर जोडणीपूर्वीं पडद्याचें माप लहान करावें, दोन पडदे जोडले असतील तर एकच ठेवावा, आणि चित्रफीत पडदाभर न पसरतां लहान चौकटींत पाहावी. चौकट निम्म्या लांबीरुंदीची केली तर ठिपके चौथाईवर येतात. आवाज येतो पण चित्राच्या जागीं काळा चौकोन दिसतो, असा एक प्रकार आहे. तेथें पुण्याच्या ब्राउझरांतील 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करून पाहावें. पैसे घेऊन चित्रपट दाखविणाऱ्या संस्था मात्र चोरी होऊं नये म्हणून दूरच्या पडद्यावर मुद्दामच काळोख करतात. त्याविरुद्ध उपाय शोधण्याच्या भरीस पडूं नये, आणि कचेरीच्या यंत्रावर चित्रपट पाहण्याचें कारणहि नाहीं.

राहतां राहिली वीज. २०२० च्या ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळानें या किनाऱ्याची दाणादाण उडविली, त्यांत नारळी-पोफळींच्या बागांबरोबर विजेचे खांबहि आडवे झाले, आणि दापोली तालुक्यांतील कित्येक गांवें बरेच दिवस अंधारांत होतीं. तसल्या संकटापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. पण मृगाच्या सरींबरोबर घटकाभर जाणाऱ्या विजेवर उपाय स्वस्त आहे. लॅपटॉपास स्वतःची बॅटरी असते. बंद पडतो तो राउटर. त्याच्यापुरती लहान बॅटरी बाजारांत मिळते आणि ती त्याला कांहीं तास जागता ठेवते. तारेचें जाळेंच बंद पडलें तर मोबाइलवर सभेस हजर व्हावें, फक्त आवाजानें. आपलें चित्र बंद ठेवावें. हा बेत आयत्या वेळीं न करितां एखाद्या निवांत रविवारीं घरच्या मोबाइलांवर करून पाहावा, आणि कोणत्या कंपनीचा मोबाइल माजघरांत लागतो व कोणाचा केवळ आगरांत, हें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें.